व्हॉल्व्हचा जुना रेडिओ: झिजलेले भाग ओळखणे आणि बदलणे

माळ्यावरचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ खाली आला की घरातलं कुणीतरी त्याची वायर सरळ करून प्लग लावायला धावतं. तो हात तिथेच थांबवा. तीस-चाळीस वर्षं वीज न लागलेल्या रेडिओचं मोठं नुकसान होतं ते याच पहिल्या दोन-चार मिनिटांत. स्पीकरला आवाज देणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह जातो, कधी मेन ट्रान्सफॉर्मरच धूर सोडतो. माळ्यावर असेपर्यंत हे सगळे भाग धडधाकट होते.

दुसरी सवय म्हणजे रेडिओ बोलत नाही म्हटलं की "व्हॉल्व्ह गेला असेल" असं म्हणायचं. मीही सुरुवातीला तेच म्हणत होतो. मामांच्या रत्नागिरीच्या घरातून आणलेल्या रेडिओत मी आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह एकामागोमाग जाळले, आणि दोष होता शेजारच्या एका कागदी कंडेन्सरमध्ये (कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा, डीसी अडवणारा भाग). तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. जुन्या रेडिओत आधी मरतो तो कागद, मग रबर, मग इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला द्रव. काच आणि तांबं बहुधा टिकतं. म्हणून व्हॉल्व्हवर संशय शेवटी घ्यायचा.

पुढचं सगळं मी १९५०-६० च्या दशकांत घरोघरी असलेल्या पाच व्हॉल्व्हच्या रेडिओला धरून सांगतो. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ (आउटपुटचा) आणि ईझेड ८० (रेक्टिफायर) असे त्याचे व्हॉल्व्ह. तुमच्या रेडिओत नंबर वेगळे असले तरी रचना बरीचशी अशीच असते.

आधी बघा: ट्रान्सफॉर्मर आहे का?

मागचा पुठ्ठा काढा आणि व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. काच पुसू नका, छापील नंबर बोटानेही निघतो. नाव 'ई'ने सुरू होत असेल तर फिलामेंट ६.३ व्होल्टवर चालतं, आणि चॅसीवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, लोखंडी पट्ट्यांचा जड मेन ट्रान्सफॉर्मर दिसेल. 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतील, उदाहरणार्थ यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्याची सगळी फिलामेंटं १०० मिलिअँपिअरवर एकापाठोपाठ एक जोडलेली असतात, ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि मेनची एक वायर थेट चॅसीला लागलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चॅसी २३० व्होल्टवर. नॉबचा स्क्रूसुद्धा झटका देतो. ही तुमची पहिलीच दुरुस्ती असेल तर एसी-डीसी सेट बाजूला ठेवा. अनुभव असला तरी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला हात लावू नका.

नाव 'डी'ने सुरू होत असेल, म्हणजे डीके ९६, डीएल ९६ वगैरे, तर तो वीज नसलेल्या गावांसाठीचा बॅटरी सेट. त्याची फिलामेंटं १.४ व्होल्टची आणि केसासारखी बारीक असतात. चुकून जास्त व्होल्टेज लागलं तर क्षणात जातात. त्याची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे.

हत्यारं

मल्टिमीटर, ४० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, शिसं ओढायचा पंप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, मऊ ब्रश, आणि सिरीज बोर्ड. सिरीज बोर्ड वायरमनकडे असतो तोच: एक होल्डर, एक सॉकेट, दोन्ही एकामागे एक जोडलेले. त्यात तारेचा पिवळा बल्ब लागतो, ६० वॉटचा एक आणि १०० वॉटचा एक. एलईडी इथे उपयोगाचा नाही.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. जुने व्हॉल्व्ह, नॉब आणि डायलच्या काचा शोधायला मुंबईचा चोरबाजार किंवा रविवारी-बुधवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने हे व्हॉल्व्ह देशात बनवले होते, त्यामुळे 'बेल' छापाचे न वापरलेले नग अजूनही सापडतात. ईएल ८४ तर गिटार अँप्लिफायरसाठी युरोपात आजही नवा बनतो.

चॅसी बाहेर काढताना

प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्या. डायलच्या दोरीचे तर चारही बाजूंनी घ्या. आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, झुरळांची अंडी, उंदराने कुरतडलेला कागद असं बरंच सापडतं. कोरड्या ब्रशने झाडा, हवा हळू मारा. तळाशी पोस्टाने दिलेलं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं तर ते जपून ठेवा.

डायलच्या काचेला पाणी, अल्कोहोल, काच पुसायचा फवारा काहीही लावू नका. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि ओल्या बोळ्याबरोबर 'सिलोन', 'दिल्ली', 'मुंबई' एका फटक्यात पुसली जातात. पुढची बाजू कोरड्या मऊ कापडाने पुसा, मागची आहे तशी राहू द्या.

वीज न लावता तपासणी

मीटर ओहमवर ठेवा. ट्रान्सफॉर्मरची वीज आत घेणारी गुंडाळी म्हणजे प्रायमरी, बाहेर देणारी म्हणजे सेकंडरी. मेन ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी काही दहा ओहम दाखवतं. हाय टेन्शनच्या (व्हॉल्व्हना लागणाऱ्या जास्त व्होल्टेजच्या) सेकंडरीचे दोन्ही अर्धे शंभर-दोनशे ओहमच्या आसपास आणि एकमेकांना जवळचे असावेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी दोनशे ते सहाशे ओहम, सेकंडरी एक ओहमच्या आत. प्रायमरी तुटलेलं निघालं तर आत्ताच नोंद करा. किनारपट्टीच्या घरांतल्या रेडिओत हा दोष हमखास भेटतो, कारण खारट दमट हवेत बारीक तांब्याच्या तारेवर हिरवा गंज चढतो.

व्हॉल्व्हचं फिलामेंट सॉकेटबाहेर काढून पाहता येतं. वर सांगितलेल्या पाचही व्हॉल्व्हची फिलामेंटं ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर आहेत. पिना खालून बघत, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. काचेच्या टोकाचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह संपला. डाग चंदेरी आणि फिलामेंट शाबूत असेल तर व्हॉल्व्ह परत बसवा आणि त्याला विसरा.

इलेक्ट्रोलिटिक

रेडिओला आधी कधी वीज लागली असेल तर फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला इन्सुलेशनवाल्या क्लिपा लावून तो कंडेन्सर आणि चॅसीमध्ये पाच सेकंद धरा, मग मीटरने शून्य आल्याची खात्री करा. एक हात खिशात ठेवायची सवय आत्तापासून लावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करू नका.

ॲल्युमिनियमच्या डब्यात बहुधा ३२+३२ किंवा ५०+५० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर असतात. त्यांच्या जागी ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन नवे घ्या. "मोठा टाकला की घरघर कमी होईल" असं दुकानदार सांगेल, ते ऐकू नका. ईझेड ८० पुढच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. १०० किंवा २२० चा टाकलात तर प्रत्येक वेळी चालू करताना रेक्टिफायरच्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर) धक्का बसतो आणि तो लवकर मरतो.

जुना डबा चॅसीवर तसाच ठेवा, फक्त त्याच्या वायरी सोडवा. नवे कंडेन्सर खाली टॅगपट्टीवर बसवा. जुन्याला नवा समांतर जोडणं ही सर्वांत मोठी चूक, कारण गळणारा कंडेन्सर गळतच राहतो आणि गरम होतो. धन-ऋण टोकं दोनदा पाहा. ईएल ८४ च्या कॅथोडवरचा छोटा इलेक्ट्रोलिटिक, २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचा, तोही याच वेळी बदला. तिथे ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट चालतो.

तो एक कंडेन्सर

आता ज्याने माझे दोन व्हॉल्व्ह खाल्ले त्याच्याकडे येऊ. ईबीसी ८१ च्या ॲनोडपासून (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्यापासून) ईएल ८४ च्या ग्रिडकडे (करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीकडे), म्हणजे २ नंबरच्या पिनेकडे, एक कंडेन्सर जातो. किंमत, म्हणजे क्षमता, बहुधा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड. त्याचं काम आवाज पुढे द्यायचा आणि डीसी अडवायचा. कागदी कंडेन्सरच्या टोकाचं मेण किंवा डांबर तडकतं, पावसाळ्यामागून पावसाळे ओल आत शिरते आणि डीसी झिरपायला लागतो.

किती झिरपला तर त्रास होतो? हिशेब करून पाहा. ईबीसी ८१ च्या ॲनोडवर १०० व्होल्ट आहेत, ग्रिडपासून चॅसीला ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे, आणि कंडेन्सरची गळती फक्त २० मेगोहम आहे. ग्रिडवर सुमारे २.३ व्होल्ट धन येतात. साध्या मीटरवर २० मेगोहम पाहून तुम्ही कंडेन्सर चांगला आहे असं म्हणाल. पण ईएल ८४ ला २५० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअर ॲनोड करंट जातो, म्हणजे १२ वॉट, आणि १२ वॉट हीच त्याच्या ॲनोडची कमाल मर्यादा आहे. त्याला जास्तीचं सोसायला जागाच नाही. ग्रिड दोन व्होल्टने वर गेलं की करंट वाढतो, ॲनोड लाल होतो, आवाज फाटतो, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटते.

म्हणून हा कंडेन्सर तपासत बसू नका, बदलाच. ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. बाकी काही न करता एवढंच केलंत तरी रेडिओचा जीव वाचवल्यासारखं आहे.

बाकीचे कागदी कंडेन्सर आणि रेझिस्टर

मेणाचे, डांबराचे, पुठ्ठ्याच्या नळीतले सगळे कागदी कंडेन्सर बदला. मात्र एका वेळी एकच: जुना काढा, नवा लावा, फोटोशी ताडून पाहा, मग पुढचा. दहा वायरी एकदम सोडणाऱ्याचा रेडिओ महिनाभर टेबलावर पडून राहतो. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर सहसा बिघडत नाहीत. आयएफटीच्या (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयएफ, ट्रान्सफॉर्मरच्या) डब्याच्या आतल्यांना तर हातच लावू नका.

दोन जागा वेगळ्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचा टोनचा कंडेन्सर आवाज मोठा असताना चांगलाच ताण सोसतो, तिथे १००० व्होल्ट किंवा जास्तीचा घ्या. मेनच्या दोन वायरींमधला कंडेन्सर 'एक्स २' वर्गाचा, आणि मेनपासून चॅसी, एरियल किंवा अर्थकडे जाणारा 'वाय' वर्गाचाच हवा. तिथे साधा ६३० व्होल्टचा लावणं जिवावर बेतू शकतं.

कार्बनचे जुने रेझिस्टर, ज्यांना जुने मेकॅनिक 'रेझिस्टन्स' म्हणतात, ते वयाबरोबर बहुधा वर सरकतात. २२० किलोओहमचा ३५० झालेला मी नेहमी पाहतो. एक टोक सोडवून मोजा, छापील किमतीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर बदला. मेटल फिल्म चालतो, पण पाव वॉटचा नको. त्याची व्होल्टेज सोसायची मर्यादा बहुधा २५० व्होल्टच असते. एक वॉटचा घ्या. काळा पडलेला, फुगलेला रेझिस्टर दिसला तर त्याच्या पुढचा कंडेन्सर आधी बदला, कारण त्याला जाळलं त्यानेच.

मेनची वायर

रबराचं इन्सुलेशन वाकवल्यावर भुगा होऊन पडत असेल तर वायर पूर्ण बदला. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला तीन वायरींची केबल, अर्थ चॅसीला स्क्रू-नटने घट्ट, आणि फेजवर ५०० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज. रेडिओ साधारण ४०-५० वॉट खातो, त्याला तो पुरतो. एसी-डीसी सेटच्या चॅसीला अर्थ कधीही जोडू नका. ट्रान्सफॉर्मरवर २००, २२०, २४० असे टॅप असतील तर २४० निवडा. आपल्याकडचा पुरवठा २३० च्या वर सहज जातो.

पहिल्यांदा वीज

स्पीकर जोडलेलाच हवा. आता सिरीज बोर्डवर ६० चा बल्ब लावून चालू करा. बल्ब आधी झगझगेल, कारण थंड फिलामेंटं जास्त करंट ओढतात, आणि मग मंद होईल. तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ईझेड ८० तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि हाय टेन्शन त्यानंतर येतं. तिथे शॉर्ट असेल तर बल्ब त्या क्षणी पुन्हा उजळतो. पूर्ण एक मिनिट स्विचवर हात ठेवून उभे राहा. बल्ब मंदच राहिला तर १०० चा लावा, मग थेट.

थेट मेनवर आल्यावर आधी ईएल ८४ च्या २ नंबरच्या पिनेवर डीसी मोजा. शून्य किंवा किंचित ऋण हवं. नवा कंडेन्सर लावूनही अर्धा व्होल्ट धन येत असेल तर यावेळी खरोखर व्हॉल्व्हचा दोष आहे, त्याचं ग्रिडच करंट सोडतंय. ३ नंबरवर, कॅथोडवर, सात व्होल्टच्या आसपास हवेत. १३५ ओहमचा रेझिस्टर असेल तर ७.३ व्होल्ट म्हणजे ५४ मिलिअँपिअर, ॲनोड आणि स्क्रीन (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी) मिळून. ११-१२ आले तर लगेच बंद करा.

छापील सर्व्हिस शीटमधले आकडे काट्याच्या मीटरने घेतलेले असतात. आपला डिजिटल मीटर मोठ्या रेझिस्टरमागच्या जागी थोडं जास्त दाखवतो, त्याने घाबरून जाऊ नका.

खरखर आणि तुटक आवाज

बँड स्विचची पाती काळी पडलेली असतात. कापसाची काडी आयसोप्रोपिलमध्ये बुडवून एकेक पातं पुसा, मग स्विच वीस वेळा फिरवा. पॉलिश पेपर लावू नका, चांदीचा थर जातो. गंज काढायचे तेलकट फवारेही नकोत, ते स्विचच्या चकतीत मुरतात आणि धूळ धरतात. व्हॉल्व्हच्या सॉकेटला दातांच्या फटींचा बारीक ब्रश छान चालतो. हे सगळं वीज काढून, कंडेन्सर रिकामे करून.

व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोडून फिरवा. साफ करूनही खरखर परत येत असेल तर त्यावर डीसी येतोय का ते मोजा, पुन्हा एखादा गळका कंडेन्सर सापडेल. कार्बनची पट्टीच घासून गेली असेल तर ५०० किलोओहम किंवा १ मेगोहम, जी मूळ किंमत असेल ती, 'लॉग' प्रकारचा घ्या. 'लिनियर' लावलात तर जरा फिरवताच रेडिओ ओरडायला लागतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर

प्रायमरी तुटलं असेल तर रेडिओ चालूच करू नका. ॲनोडला वीज मिळत नाही आणि सगळा करंट स्क्रीनवर जाऊन ती लाल होते. वाइंडिंग करून देणारे कारागीर अजून आहेत. त्यांना जुना नग द्या आणि ५ किलोओहम प्रायमरी, पट्ट्यांत एअर गॅप (बारीक फट), एवढं सांगा. तोवर तात्पुरता इलाज म्हणून लाउडस्पीकरवाल्यांचा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर वापरता येतो. त्याचा २ वॉटचा टॅप बरोबर ५ किलोओहमचा पडतो. १० वॉटचा मोठा नग घ्या, कारण त्यात एअर गॅप नसल्याने डीसीने लोखंड भरून येतं. खर्ज थोडा कमी मिळतो.

स्पीकरचा कागद फाटला असेल तर पतंगाचा कागद आणि पाणी घातलेलं फेविकॉल. ठिगळ लहान, मागून, एकच थर. रात्रभर वाळू द्या.

डायलची दोरी

इथे घाई चालत नाही. ताण न घेणारी विणलेली नायलॉनची दोरी घ्या. गँग (ट्यूनिंगचा फिरता कंडेन्सर) पूर्ण बंद करा, ड्रमवरच्या खाचेतून सुरुवात करा, फोटो बघत पुलींवरून न्या. ट्यूनिंगच्या दांड्यावर दोन-तीन वेढे, आणि शेवटी स्प्रिंग अर्धी ताणली जाईल इतकी गाठ. गाठीवर एक थेंब डिंक. दोरी घसरत असेल तर दांडा अल्कोहोलने पुसा, तेलाचा अंश राहिलेला असतो. काट्याची जागा ओळखीच्या स्टेशनावर जुळवा. पुण्यात असाल तर आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ घ्या. डायलवर मीटर छापलेले असतील तर ते ३७९ च्या जवळ येतं.

आयएफटीच्या डब्यांवरचे स्क्रू मात्र फिरवू नका. "थोडं घट्ट करून बघतो" म्हणून केलेला एक फेरा जुळलेलं ट्यूनिंग घालवतो, आणि आतला ठिसूळ कोअर तुटला की निघत नाही. सिग्नल जनरेटर आणि त्या मॉडेलची नेमकी आयएफ हातात असेल तरच, तेही प्लॅस्टिकच्या हत्याराने.

सगळं जमल्यावर चॅसी टेबलावरच दोन तास वाजवा. अर्ध्या तासाने बंद करून मेन ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर कुठेतरी अजून गळती आहे. मग चॅसी कॅबिनेटमध्ये बसवा, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, काय काय बदललं, किती ओहमचं किंवा मायक्रोफॅरडचं, आणि ईएल ८४ च्या कॅथोडवर आज किती व्होल्ट आले. पुढच्या वेळी पुठ्ठा उघडणाऱ्याला सुरुवात करायला तो आकडा लागेल.